बदामवेलीच्या हिरव्या फांद्या

“गुरुजी, अजून एक हिरवी निघाली,” नंदिनी म्हणाली, आणि मी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवेपर्यंत तिनं ती फांदी नखानं खुडलीसुद्धा.

मी मान डोलावली. तिचं काही चुकलं नव्हतं. मीच तसं सांगितलं होतं.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. माण तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवत होतो आणि माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. शिष्यवृत्तीची परीक्षा तेव्हा चौथीला असायची. आमच्या शाळेतून त्या वर्षी दोनच मुली बसणार होत्या, नंदिनी मदने आणि केतकी शेटे. शाळा सुटल्यावर दोघी माझ्या घरी यायच्या, हातपाय धुवायच्या आणि पूर्वेच्या खिडकीखाली सतरंजीवर बसायच्या. त्यांच्या डोक्यावर, खिडकीच्या फळीवरून बदामवेल लोंबत असे.

ती वेल आमच्या मुलीनं पुण्याहून पाठवली होती. कुंडीला इंग्रजी नावाची चिठ्ठी होती, पण ते नाव आमच्या घरात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. दोऱ्यासारख्या बारीक फांद्या, त्यांवर जोडीजोडीनं आलेली छोटी पानं, हुबेहूब पत्त्यांतल्या बदामासारखी. पानं जाड, रसानं भरलेली. मध्ये राखट हिरवी, कडेला दुधासारखी पांढरी, आणि उजेड चांगला मिळाला की गुलाबी. फांदीवर मधूनमधून मिरीएवढे मणी धरलेले. माझी पत्नी शालन पहिल्या दिवशी ते सगळं निरखून म्हणाली होती, “भाजीला येत नाही, देवाला वाहता येत नाही. आणि मान बघा केवढा, माझी पापडाची फळी घेतली हिनं.”

घरातली झाडं बहुधा पाण्यावाचून मरत नाहीत, पाण्यानं मरतात. म्हणून मी मुलींना आधी तेच शिकवलं. वेलीला विचारल्याशिवाय पाणी घालायचं नाही. पान दोन बोटांत धरायचं आणि हलकेच दुमडून बघायचं. ताठ राहिलं तर तहान नाही. मऊसर दुमडलं तर कुंडीच्या तळाच्या भोकातून गळेपर्यंत पाणी द्यायचं आणि मग पुन्हा विचारेपर्यंत विसरून जायचं.

“म्हंजे?” केतकी म्हणाली होती. “ताठ असंल तर तिचं पोट भरलंय?”

“हो. पानातच पाणी साठवते ती.”

“म्हंजे आमच्या दुकानातल्या रांजणावानी.”

हे “म्हंजे” केतकीचं ठरलेलं होतं. दिगंबर शेटे यांचं गावात किराणा दुकान, ही त्यांची धाकटी. एक गोष्ट तिला एकदा सांगून कधी भागायचं नाही. मी सांगायचो, ती “म्हंजे?” म्हणायची. मी पुन्हा सांगायचो, ती पुन्हा म्हणायची. मग मी दमलो की नंदिनी तिच्याकडे वळून आपल्या भाषेत सांगायची, हातवारे करून, कधी सतरंजीचे पट्टे मोजून. पहिलीपासून दोघी एका बाकावर बसत आल्या होत्या आणि पहिलीपासून हे असंच चाललं होतं.

नंदिनीची गोष्ट निराळी. ती मेंढपाळाची मुलगी. बोलायची कमी, पण डोकं असं की तेहतीस वर्षांत मी तसं दोनदाच पाहिलेलं. आईबाप मेंढरांमागं सहा-सात महिने बाहेर असायचे, ही आजीपाशी राहून शिकत होती. दसऱ्याला तिचे वडील, बिरा मदने, माझ्या घरी येऊन गेले होते. ओसरीच्या कडेला टेकले आणि पटका मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “गुरुजी, म्हातारी आता थकली. पोरीला तिच्यापाशी ठिवता येत न्हाय. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आलं, तर साताऱ्याला वसतिगृहात घालतो. न्हाय आलं, तर येईल आमच्यासंगं मेंढरामागं. मधलं काय मला जमायचं न्हाय.”

मी त्यांना शब्द दिला नाही. पण मनात धरलं, की ही मुलगी यादीत यायलाच पाहिजे.

आणि म्हणूनच दिवाळीनंतर मी केतकीचं येणं बंद केलं.

दीड तासाच्या वर्गातला निम्मा वेळ तिच्या “म्हंजे”त जातो, असा माझा हिशेब होता. मी दुकानात जाऊन शेटे यांना सांगितलं, की केतकीला परीक्षेचं ओझं होतंय, तिनं संध्याकाळचं आलं नाही तरी चालेल. ते भले गृहस्थ. म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं, गुरुजी. आमची पोरगी साधी आहे, मला ठाऊक आहे.” केतकी तिथंच खोक्यावर उभी राहून शेंगदाण्याची पुडी बांधत होती. तिनं वर पाहिलं नाही. पुडीला दोऱ्याचे दोन वेढे पुरतात. तिनं चार घातले.

त्याच आठवड्यात पुण्याहून आमच्या मुलीचा फोन आला. तिनं सांगितलं, या वेलीला कधीकधी नुसत्या हिरव्या फांद्या फुटतात, त्या जोरानं वाढतात आणि बघता बघता सगळी वेल साधी हिरवी होऊन जाते, तेव्हा त्या काढत जा. मी ते नंदिनीला सांगितलं. वेलीचं काम आता तिच्या एकटीकडे होतं.

“हिरव्या फांद्या खुडायच्या. समजलं?”

“समजलं,” नंदिनी म्हणाली.

डिसेंबर सरेपर्यंत वेल अशी देखणी झाली, की येणारा माणूस बोलता बोलता थांबायचा. पांढऱ्या-गुलाबी बदामांच्या सरी खिडकीवरून खाली आलेल्या. शालनला त्या मुंडावळ्यांसारख्या वाटायच्या. केंद्रप्रमुख चहाला आले तेव्हा वेलीखाली उभे राहून त्यांनी तिची चौकशी केली, आणि मी नंदिनीला पुढं करून सांगितलं, की हे सगळं हिच्या हातचं. ती खूश झाली असावी. दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर आली आणि एकेक फांदी हातात घेऊन तपासत बसली.

वर्गही आता कसा सुरळीत चालला होता. मी शिकवायचो, “समजलं का?” विचारायचो, नंदिनी “समजलं” म्हणायची, आणि आम्ही पुढं जायचो. दीड तासात पूर्वीच्या दुप्पट भाग व्हायचा. सरावाच्या उत्तरपत्रिका मात्र वेगळंच सांगत होत्या. दिवाळीआधी तीनशेपैकी दोनशे सत्तरच्या खाली न येणारी मुलगी दोनशे चाळीसवर आली, मग दोनशे बावीसवर. मी आणखी उत्तरपत्रिका सोडवून घेतल्या. एक गणित तर मी तिला तीनदा दिलं: रांगेत एक मुलगी डावीकडून सातवी आणि उजवीकडून नववी आहे, तर रांगेत मुली किती? तिन्ही वेळा तिनं सोळा लिहिलं. तिन्ही वेळा मी सांगितलं, बेरजेतून एक वजा करायचा. तिन्ही वेळा ती म्हणाली, समजलं.

शालन आतून कान देऊन असायची. एकदा नंदिनी गेल्यावर म्हणाली, “बरं आहे तुमचं. तुम्ही म्हणता समजलं का, ती म्हणते समजलं. दोघांचंही भागतं.”

मी पुढची उत्तरपत्रिका तपासायला घेतली.

जानेवारीत वेल उतरू लागली. आधी टोकाकडची पानं मऊ पडली. पान मऊ म्हणजे तहान, म्हणून नंदिनीनं पाणी दिलं. आठ दिवसांनी पाहिलं तर माती ओली ती ओलीच आणि पानं आणखी मऊ. वेल पाणी पीतच नव्हती. मग पांढऱ्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या, जळल्यासारख्या. मी माती बदलली, वाळू आणि विटांचा चुरा घालून भुसभुशीत केली. कुंडी खिडकीच्या आणखी जवळ सरकवली. ऊन भाजत असेल म्हणून पुन्हा मागं घेतली. रोज दोन-चार बदाम सतरंजीवर पडलेले असायचे. नंदिनी ते गोळा करून वहीत ठेवायची.

“गुरुजी, मी रोज विचारत होते तिला,” ती एकदा म्हणाली. “एकदाबी न विचारता पाणी घातलं न्हाय.”

“तुझी चूक नाही,” मी म्हणालो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शालननं मला गूळ आणायला पाठवलं. वर्ग नुकताच सुटला होता. दुकानात गर्दी नव्हती. शेटे गुळाची ढेप फोडत होते, आणि त्यांच्या मागच्या फळीवरून एक वेल खाली आली होती. बिस्किटांची प्लॅस्टिकची जुनी बरणी, तिच्या तळाला तापल्या सळईनं पाडलेली भोकं, आणि तिच्यातून निघून थेट तराजूपर्यंत पोचलेल्या टवटवीत हिरव्या फांद्या. बदामांची पानं. फांद्यांवर मणी.

मी विचारलं, ही कुठून आणली.

“तुमच्याकडचीच की,” शेटे हसून म्हणाले. “तुमच्या नको असलेल्या फांद्या नंदिनी आणून देती. ही आमची बया एकेक लावत बसती. म्हटलं, असू दे, दुकानाला शोभा.”

बरणीतल्या सगळ्या फांद्या काही नुसत्या हिरव्या नव्हत्या. काहींच्या पानांना पांढऱ्या कडा होत्या, चांगल्या ठसठशीत. मी त्या पाहतच होतो तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

“सात आणि नऊ सोळा. त्यातनं एक वजा, पंधरा.” हा नंदिनीचा आवाज.

“म्हंजे? एक का वजा?”

“गुरुजींनी सांगितलंय.”

“सांगितलंय म्हंजे काय? ती एक पोरगी गेली कुठं?”

मी शेटे यांना हातानं थांबा म्हणून खुणावलं आणि पोत्यांच्या आडून आत पाहिलं. दोघी जमिनीवर बसल्या होत्या, भोवती रिकाम्या बरण्या.

“थांब, मांडू या,” केतकी म्हणाली. तिनं लाल झाकणाची बरणी मध्ये ठेवली. “ही तू. तू डावीकडनं सातवी. म्हंजे तुझ्या आधी किती?”

“सहा.”

केतकीनं एका बाजूला सहा बरण्या लावल्या. “उजवीकडनं नववी. म्हंजे पलीकडं?”

“आठ.”

आठ लावून झाल्या. केतकी बोट ठेवत मोजत गेली. पंधरा भरल्या. तिनं उलटीकडून मोजल्या, तरी पंधराच. मग ती डोकं खाजवत बसली, आणि नंदिनी त्या लाल झाकणाकडे बघत राहिली. एकाएकी तिनं केतकीच्या गुडघ्यावर चापट मारली.

“अगं, मला दोनदा मोजलंय! सातातबी मीच आणि नवातबी मीच. मी तर एकलीच हाय.”

“म्हंजे म्हणून एक वजा?”

“म्हंजे म्हणून!”

दोन महिन्यांत नंदिनीचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

मी पुढं झालो तशी ती उभी राहिली, दोन्ही हात मागं घेऊन. घरी जाता जाता ती रोज इथं थांबत होती, हे आता कळल्यावर मी रागावेन असं तिला वाटलं असावं. “फांदी द्यायला आलेवते,” ती पुटपुटली. “लगीच निघणार व्हते.”

केतकी मात्र बसूनच होती. मला पाहून तिला पहिली आठवण झाली ती वेलीची.

“गुरुजी, तुमची वेल मरायला लागली म्हणं?”

“हो गं.”

“तुम्ही नंदीला हिरव्या फांद्या काढायला सांगितल्यात. म्हंजे किती हिरवी असली की काढायची?”

हे मी सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं.

“पूर्ण हिरवी,” मी म्हणालो. “पांढऱ्याचा ठिपकासुद्धा नसलेली. तेवढीच.”

नंदिनीचा चेहरा उतरला. “मी जास्ती हिरव्या होत्या त्या सगळ्या काढल्या,” ती म्हणाली. “पांढरी पांढरी छान दिसती म्हणून.”

“मग तिथं जेवण कोण करतंय?” केतकीनं विचारलं. “तुम्हीच शिकवलं की आम्हाला, हिरवं पान म्हंजे झाडाचं सैपाकघर. पांढऱ्याला सैपाक येत न्हाय.”

शेजारी साखरेचं पोतं होतं. मी त्यावर टेकलो. तो पाठ मी तेहतीस वर्षं शिकवत होतो. फळ्यावर पान काढायचो, त्यात चूल काढायचो, पोरं हसायची. शेटे यांनी घाबरून पाण्याचा तांब्या पुढं केला. मी दोन घोट घेतले.

“केतकी,” मी म्हणालो, “उद्यापासून संध्याकाळी येत जा.”

तिनं लगेच हो म्हटलं नाही. एक बरणी उचलली, तिचं झाकण काढलं, परत लावलं. वडिलांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“पुन्यांदा काढणार न्हाय ना?”

“नाही.”

“म्हंजे?”

तिचे वडील तिला दटावायला पुढं झाले. मी त्यांना थांबवलं. तो प्रश्न तिचा हक्काचा होता.

“म्हंजे परीक्षेपर्यंत काढणार नाही,” मी म्हणालो, “आणि परीक्षा झाल्यावरही नाही. तुला काढलं ती माझी चूक झाली.”

“बरं,” केतकी म्हणाली. “संक्रांत झाली की येते. उद्या तिळगूळ वाटायचाय.”

गूळ तिथंच विसरून मी घरी आलो. शालननं रिकाम्या हातांकडे पाहिलं. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली आणि मग पिशवी उचलून स्वतःच दुकानात गेली. येताना गुळाबरोबर ती हिरवी बरणी बघून आली, आणि त्या पोरीच्या हाताला गुण आहे, एवढंच म्हणाली.

संक्रांतीनंतर केतकी आली ती बरणीतली एक लांब फांदी घेऊन. मातीवर तिचं वेटोळं मांडून, मणी मातीला टेकून मूळ धरतील असं दाबून तिनं ती आमच्या कुंडीत लावली. एका झाडाचा स्वयंपाक शेजारच्या झाडाला पोचत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी तिला नको म्हटलं नाही. वाळलेल्या पांढऱ्या फांद्या आम्ही मातीपासून बोटभर ठेवून कापल्या आणि कुंडी उजेडात, पण उन्हाच्या झळीबाहेर ठेवली. पाणी तीन आठवडे दिलं नाही. वेल सुंदर दिसायची बंद झाली. येणारे-जाणारे विचारायचे, काय झालं हो तिला? मी सांगायचो, बरी होतेय.

फेब्रुवारीच्या शेवटी मातीतल्या एका मण्याला कोंब फुटला. पहिली दोन पानं आली ती मध्ये हिरवी, कडेला पांढरी. दोघी मुली कुंडीवर वाकून किती तरी वेळ नाकं लावून बसल्या. केतकीनं त्या दिवशी नियमच करून टाकला: कुठलीही फांदी खुडायची तर दोघींनी मिळून ठरवायची, आणि एकीनं तरी “म्हंजे?” म्हणायचंच.

वर्ग पुन्हा पहिल्यासारखा रेंगाळू लागला. मी एक गणित सांगायचो, केतकी अडायची, नंदिनी समजावायला लागायची आणि समजावता समजावता स्वतःच मध्येच थांबून म्हणायची, अगं हो की. मी भिंतीला टेकून ऐकत बसायचो. इतकी वर्षं शिकवून मला हे शेवटच्या वर्षी ऐकू आलं.

मार्चमध्ये दोघींना मी तालुक्याच्या केंद्रावर घेऊन गेलो. निकाल लागला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. नंदिनीचं नाव यादीत होतं, जिल्ह्यात अकरावं. केतकी पास झाली, यादीत आली नाही. शेटे यांनी तरीही गावभर पेढे वाटले. मुलगी परीक्षेला बसली आणि पास झाली, याचंच त्यांना अप्रूप. बिरा मदने कोकणातून परतल्यावर शाळेतून मुलीचा दाखला घेऊन मला भेटायला आले आणि एक घोंगडी माझ्या खांद्यावर टाकून गेले. ती घोंगडी अजून माझ्याकडे आहे.

जुलैत साताऱ्याहून पोस्टकार्ड आलं. मला एकट्याला नव्हतं, “गुरुजी व केतकी यांस” असं होतं. म्हणून ते घेऊन मी दुकानात गेलो आणि केतकीलाच वाचायला दिलं. ती एकेक अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली. वसतिगृहाचं जेवण बरं आहे. खोलीत आठ मुली आहेत. बाई भरभर शिकवतात आणि समजलं का म्हणतात, सगळ्या मुली समजलं म्हणतात.

पुढची ओळ केतकीनं आधी मनात वाचली. मग पुन्हा मोठ्यानं वाचली.

“इथं म्हंजे म्हणायला कोणी नाही. म्हणून मीच हात वर करते आणि म्हणते.”

तिनं पोस्टकार्ड तराजूच्या पारड्यात ठेवलं, मग उचलून फ्रॉकला पुसलं आणि गल्ल्यामागच्या देवाच्या तसबिरीला टेकवून उभं केलं.

“मग आता मला कोण समजावणार?” तिनं विचारलं.

“मी आहे की. मला आता शाळा नाही, काही नाही. संध्याकाळी येत जा.”

“परीक्षा तर झाली.”

“झाली. तरी ये.”

त्या संध्याकाळी ती आली. हातपाय धुऊन खिडकीशी गेली, चवड्यांवर उभी राहिली आणि एक पान दोन बोटांत धरून हलकेच दुमडून पाहिलं.

“ताठ हाय,” ती म्हणाली. “आज पाणी नको.”

मग सतरंजीवर बसली, वही उघडली आणि माझ्याकडे बघू लागली.